मानेवरचा कोळसा

माजरीच्या आमच्या खाण-वसाहतीत पांढरा रंग टिकत नाही. दोरीवर वाळत घातलेला बनियन दुपारपर्यंत राखाडी होतो, झाकण ठेवायला विसरलं तर दह्यावर काळी साय धरते. त्यामुळे माझ्या मुलीची मान काळी दिसायला लागली तेव्हा आमच्या घरात कुणालाही नवल वाटलं नाही. कोळसा आहे, दुसरं काय असणार.

मुलीला तेव्हा तेरावं लागलं होतं. बायकोने एका रविवारी तिला मोरीत पाटावर बसवलं आणि डाळीच्या पिठाने मान घासली. पुढच्या रविवारी लिंबू. त्याच्या पुढच्या रविवारी टाचा घासायची वजरी. मी दाराच्या चौकटीला टेकून समालोचन करायचो, "घास, घास. खाणीत मी जातो, आन् कोळसा इच्या मानेतून निघते."

"तू नीट आंघोळच करत नाई," बायको मुलीला म्हणायची.

"करतो ना व आई. दोन येळा करतो."

मान लाल व्हायची, सोलवटायची, आणि आठ दिवसांनी पुन्हा तशीच: काळी, जाडसर, हाताला मखमलीसारखी लागणारी. वर्षभर हा कार्यक्रम चालला. मी आमच्या भागात विनोदी माणूस म्हणून ओळखला जातो, पण हा विनोद एका पोरीच्या कातडीवर चालला होता, हे मला त्या वर्षात एकदाही सुचलं नाही. तिने दोन वेण्या वर बांधणं सोडलं. केस मोकळे ठेवू लागली. मग उन्हाळ्यात मान-तोंड स्कार्फने गुंडाळू लागली. आमच्याकडे उन्हाळ्यात सगळ्याच पोरी स्कार्फ गुंडाळतात, म्हणून तेही कुणाच्या डोळ्यांत आलं नाही. ही घरातही सोडत नव्हती, एवढाच फरक होता.

मार्च महिन्यात तिला खोकला झाला म्हणून भद्रावतीला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी पाठीला नळी लावायला स्कार्फ बाजूला केला, आणि खोकला तिथेच विसरल्या. मानेवरून बोट फिरवलं. वजरीचे ओरखडे पाहिले.

"कोण घासून राह्यलं हे?"

आम्ही नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. मी म्हटलं, "मॅडम, माजरीचा कोळसा हाय. जात नाई."

"हा कोळसा नाई भाऊ. घासणं आजपासून बंद. हे अंगातून आलं हाय, बाहेरून नाई." मग त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. माझं पोट ही दुर्लक्ष करण्यासारखी वस्तू नाही. "तुमाले शुगर हाय का?"

"हाय ना. दोन गोळ्या."

"तुमच्या वडलाले?"

त्यांनाही होती. माझे वडील, ज्यांना मुलगी आबा म्हणायची, खाणीत ड्रिलर होते. त्यांचा आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. शेवटची तीन वर्षं ते आमच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत खाटेवर होते आणि ही पोर शाळेतून आली की त्यांच्या पायथ्याशी बसून उरलेला पाय दाबायची. आबा म्हणायचे, दुसरा पण दाब, खाजवून राह्यला. आणि ती नसलेला पाय दाबायची, हवेत, अगदी मन लावून.

रक्त तपासलं. दोन दिवसांनी बाईंनी कागद समोर ठेवला. त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो, कारण तेव्हा माझं अर्धं लक्ष त्यांच्या टेबलावरच्या प्लास्टिकच्या पावलावर होतं. मुलीला शुगर झालेली नाही. पण आकडा काठावर आहे. वजन, घराण्यातला आजार आणि ही मान, तिन्ही एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. या वयात वळवलं तर वळण्यासारखं आहे. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं.

"उपाशी ठेवायचं नाई तिले," बाई म्हणाल्या. "वाढतं वय हाय. कोल्ड्रिंक, बिस्किटं, गोड चहा बंद. भाताचा डोंगर कमी, भाजी जास्त. झोप पुरी. रोज एक तास असं हालायचं का घाम आला पाहिजे. आन् हे तिच्या एकटीसाठी नाई. घरातल्या सगळ्याइनं करायचं. तिच्यासमोर तुमी जिलेबी खाल्ली, तर मले सांगायले येऊ नका."

मी छातीवर हात ठेवून शपथ घेतली. शपथ घेण्यात माझा हात कुणी धरत नाही.

याचं कारण सांगायला हवं. भाताची कापणी झाली की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो, आणि मूल-सिंदेवाहीकडच्या गावांत मी चौदा वर्षं खलनायक केला आहे. सुट्ट्या टाकून जायचो. माझं पोट हे माझं भांडवल होतं. पडद्याआडून आधी पोट यायचं, मग मी यायचो, आणि पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाया तेवढ्यानेच शिव्या घालायला लागायच्या. त्या शिव्यांवर मी वर्षभर जगायचो. तर अशा माणसाची शपथ.

रोज एक तास हालायचं. सोपं वाटतं ना? भद्रावतीहून आलो त्याच आठवड्यात आमच्या वसाहतीत वाघ आला. बिबट होता खरं तर, पण आमच्याकडे ठिपके मोजायला कुणी थांबत नाही, सगळ्यांना वाघच म्हणतात. खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर वसाहतीच्या मागे आहेत, त्यावर बाभळी माजल्या आहेत, तिथून तो उतरला आणि शाळेमागून एक कुत्रं घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी भोंगा लावलेला ऑटो फिरला: संध्याकाळी पाचनंतर आणि सकाळी उजाडेपर्यंत लेकरांना बाहेर सोडू नका. मैदानाच्या कडेला वनखात्याने पिंजरा आणून ठेवला. एका कप्प्यात बकरी बांधली, दुसरा कप्पा वाघासाठी उघडा.

म्हणजे पाचनंतर वाघ. एप्रिल लागला तशी सकाळी दहापासून ऊन, आणि चंद्रपूरचं ऊन म्हणजे बाहेर टाकलेली चप्पल पायाला चिकटते. मधल्या वेळात सकाळची शाळा. चोवीस तासांतून मुलीला हालायला मोकळा असा एक तास आम्ही तिघं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून शोधत बसलो, तो सापडला नाही.

उरलं आमचं क्वार्टर, दुसऱ्या मजल्यावरचं. पुढची खोली, मधलं स्वयंपाकघर, मागची गॅलरी. मी पावलं टाकून मोजलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बावीस. खिडक्यांना कूलर बसवलेले, त्यामुळे बाहेरचं काही दिसत नाही, फक्त घरघर ऐकू येते आणि ओल्या वाळ्याचा वास येतो. त्या बावीस पावलांत आम्हाला पोरीचं पुढचं आयुष्य वळवायचं होतं.

पहिल्या दिवशी आम्ही फ्रिजपाशी एकमेकांवर आदळलो. दुसऱ्या दिवशी मुलगी सातव्या फेरीला खाटेवर बसली, आबांच्याच खाटेवर, आणि म्हणाली, "मी काय घाणीचा बैल हाय का?" तिचं बरोबर होतं. मलाही चौथ्या फेरीपासून भिंती जवळ आल्यासारख्या वाटत होत्या. आबांची खाट ओलांडताना प्रत्येक वेळी वाटायचं, इथे ते होते, आता मी चालतोय, आणि माझ्या मागून ही येते आहे. एकाच रांगेत. ही रांग कुठे जाते ते मला माहीत होतं.

मग मी माझी विद्या बाहेर काढली. म्हटलं, "चालू नको. एंट्री घे."

खलनायकाची एंट्री सात पावलांची असते. पहिली तीन टाच आपटत, चौथ्याला थांबायचं, मान फिरवून प्रेक्षकांकडे असं पाहायचं की त्यांनी आपल्या कोंबड्या आठवल्या पाहिजेत, मग उरलेली तीन आणि हसायचं. हसणं पोटातून. मी पुढच्या खोलीतून घेतली, तिने गॅलरीतून. बायको प्रेक्षक. तिने पहिल्याच एंट्रीला मुलीला पैकीच्या पैकी दिले आणि मला म्हणाली, "तुमी ओव्हर करता."

दहा-बारा एंट्र्यांत अंगातून घाम निथळायला लागला. मुलगी हसत होती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिने स्कार्फ काढून खुंटीला टांगला.

तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या बाई आल्या. वसाहतीतल्या सगळ्यात जुन्या, नवरा रिटायर्ड, आवाज अजून ड्यूटीवर.

"भाऊ, वरतं काय चालू हाय? माझ्या पंख्यातून चुना पडून राह्यला."

"बाई, पोरीची तब्येत हाय. डॉक्टरनं हालायले सांगितलं."

"हाला ना. पण तो भूतासारखा कोण हसते?"

"ती मी," मुलगी म्हणाली.

बाईंनी तिला खालीवर पाहिलं. "चांगली हसते," म्हणाल्या. "पण माह्या सिरियलच्या टायमाले नोको हसू." आणि तेव्हापासून आमचा नाटकाचा वेळ पाच ते सहा ठरला.

सुटीच्या दिवशी सकाळी सात-आठच्या दरम्यान बायामाणसं घोळक्याने पिंजरा पाहायला जायची, तेव्हा आम्हीही जायचो. वाघ काही येत नव्हता. बकरीची मात्र चंगळ होती. वाघाच्या तोंडी जाणार बिचारी, म्हणून वसाहतीतलं प्रत्येक घर तिला काहीतरी आणून घालत होतं: पोळ्या, भात, बिस्किटं, कुणी लग्नातली बुंदी. तीन आठवड्यांत बकरी अशी सुटली की कप्प्यात तिला वळता येईना. वनखात्याचा माणूस वैतागून म्हणाला, "अरे, वाघाले बोलवायले ठेवली हाय तिले, पाहुणचाराले नाई."

मुलगी जाळीशी उभी राहून बराच वेळ तिच्याकडे पाहत होती. मग म्हणाली, "बाबा, तिचा दोष नाई ना पण. तिले फिरायलेच कुठी हाय."

मी काहीतरी गंमत करणार होतो. केली नाही. कारण मला दिसलं: पोर घाबरू नये म्हणून आम्ही तिला सहाव्या वर्षापासून घरात बसवत आलो. बाहेर डंपर, बाहेर ऊन, बाहेर वाघ. घरात बसली म्हणून हातात मोबाइल दिला, शहाण्यासारखी बसली म्हणून चिप्सचं पाकीट दिलं, आणि मी रोज ड्यूटीवरून येताना काहीतरी गोड आणलं. प्रेमाने. सगळं प्रेमाने.

आणि आता कबुली. घरात मी बिनसाखरेचा चहा अशा चेहऱ्याने पीत होतो की बायकोला माझी दया यायची. ड्यूटी सुटली की मात्र खाणीच्या फाटकासमोर, टपरीच्या कढईशेजारी, दोन समोसे आणि जिलेबी. मग पान, म्हणजे तोंडाला वास नाही. रोज. मुलगी बावीस पावलांत घाम गाळत होती आणि मी तिच्यासमोर साधूचं काम करत होतो. चौदा वर्षांत इतकं चांगलं काम मी कुठल्या मंचावर केलं नव्हतं.

मे महिन्यात बुद्धपौर्णिमा आली. आमच्या विहारात त्या सकाळी खीरदान असतं, आणि खिरीचा गंज, म्हणजे भलंमोठं पातेलं, ढवळण्याचा मान बरीच वर्षं माझ्याकडे आहे. तांदूळ मूलकडचा, दूध वसाहतीतलं, ढवळायला लाकडी वल्ह्याएवढा पळा. डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, सणाला एक द्रोण खाऊ द्या तिला, सणातून पोरीला बाहेर काढू नका. मुलगी पांढरा ड्रेस घालून वाढायला उभी होती. केस मोकळेच. तिने आपला द्रोण घेतला, पायरीवर बसून सावकाश संपवला, बोट चाटलं आणि परत वाढायला उभी राहिली.

मी गंजाच्या मागे होतो. चव पाहणाऱ्याला पाहावीच लागते. पहिला द्रोण चवीसाठी. दुसरा, साखर नीट विरघळली का यासाठी. तिसरा का होता ते मला आठवत नाही. चौथा तोंडाला लावला आणि वर पाहिलं तर गंजाच्या वाफेपलीकडे मुलगी उभी होती, रिकामी बादली घेऊन. तिने बादली पुढे केली. मी भरली. ती गेली.

त्या संध्याकाळी पाच वाजले. मी पुढच्या खोलीत एंट्रीसाठी उभा. गॅलरीतून कुणी येईना. ती आबांच्या खाटेवर बसली होती.

"चाल ना वं," मी म्हटलं.

"तुमी चाला. मी पाहतो."

"एका दिवसाचं होतं, पोरी. खीर होती."

"खीर आज होती. जिलेबी रोज हाय." ती खाली पाहूनच बोलत होती. "वर्गातल्या पोरीचा बाबा तुमच्याच शिफ्टमंदी हाय. तिनं मले कव्हाच सांगितलं."

बायको स्वयंपाकघराच्या दारात आली. घरातलं दार बंद, कूलरची घरघर, बाहेर वाघ. खलनायकाला निघून जायला विंग असते, क्वार्टरला नसते. मी उभा होतो तिथेच उभा राहिलो.

"कव्हाचं माहीत होतं, तर बोलली काऊन नाई?"

"मले वाटलं तुमीच सांगान." मग ती बोलली ते तिने खूप दिवस आत ठेवलेलं असावं, कारण एकदाही अडखळली नाही. "आबाचा पाय मी दाबला. मले त्याचा कंटाळा नाई आला. पण तुमचा मी दाबणार नाई बाबा. आत्ताच सांगून ठेवतो. तुमाले वाटते तुमी मले वाचवून राह्यले. मी रोज काऊन चालतो? मी नाई चालली तर तुमी एक पाऊल टाकत नाई, म्हणून चालतो."

मी खाटेवर तिच्या शेजारी बसलो. बायको आत गेली. थोड्या वेळाने साखरेचा डबा खालच्या बाईंकडे देऊन परत आली आणि म्हणाली, "चला आता. मी बी चालतो." आम्ही तिघं चाललो. कुणी हसलं नाही, कुणी टाच आपटली नाही. सहा वाजता खालच्या बाई स्वतः वर आल्या. त्यांना वाटलं घरात काही वाईट झालं.

दुसऱ्या दिवसापासून मी फाटकातून निघालो की कढईच्या पलीकडच्या बाजूने सायकल काढू लागलो. वास येतोच. अजून येतो.

जूनमध्ये रक्त तपासलं, या वेळी दोघांचंही. बाईंनी आधी मुलीचा कागद वाचला. काठावरून जरासा अलीकडे. "जरासा," बाईंनी बोट उचलून सांगितलं, "पेढे वाटायचे नाई. सहा महिन्यांनी पुन्हा या, आन् पुढंही येत राहा. मानेचं काळेपण हळूहळू जाईल, घाई नोको. आन् घरातलं नाटक ठीक हाय, पण हिले मैदान पाहिजे. पळायले पाहिजे." मग त्यांनी माझा कागद वाचला. वाचून चष्मा काढला. मी त्यावर अधिक काही लिहीत नाही. गोळ्या आता तीन आहेत.

मैदान त्याच आठवड्यात मोकळं झालं. वाघ एप्रिलनंतर कुणाला दिसलाच नव्हता. वनखात्याचा ट्रॅक्टर आला, पिंजरा चढवला. बकरीला बाहेर काढायला दोन माणसं लागली. बाहेर आल्यावर ती हललीच नाही, पिंजरा होता त्या जागेवरच उभी राहिली. शेवटी तिलाही उचलून ट्रॅक्टरमध्ये ठेवलं.

मला वाटलं, सुटलो. संध्याकाळी मी बूट चढवून दारात उभा राहिलो. मुलगी उठेना.

"आता तं वाघ नाई," मी म्हटलं.

"वाघ होता तेच बरं होतं."

हळूहळू बाहेर आलं. मैदानावर पोरी तिला डंपर म्हणायच्या. तिसरीपासून. आमच्या वसाहतीत रस्त्यावरून डंपर गेला की भांडी हलतात, हे तुम्हाला माहीत नसेल तर त्या नावाचं वजन कळणार नाही. त्यात मान. तीन महिने वाघाच्या आडोशाला ती सुखात होती, आणि मी मूर्खासारखा तिच्यासाठी वाघ जायची वाट पाहत होतो.

ती आणखी दोन संध्याकाळी घरातच चालली. तिसऱ्या दिवशी आरशासमोर उभी राहिली आणि आईला म्हणाली, "वेण्या घालून दे. वर बांध."

आईने बांधल्या. मान उघडी पडली. ओरखडे गेले होते, काळेपण होतं.

मैदानावर पंधरा-वीस पोरी होत्या. आम्ही कडेकडेने निघालो. अर्धी फेरीही झाली नव्हती तेव्हा घोळक्यातून आलंच, "डंपर आला वं, बाजूले व्हा."

माझी छाती आपोआप फुगली. चौदा वर्षांचा आवाज घशात आला. मुलीने माझ्याकडे न पाहता हळूच म्हटलं, "बाबा, तुमी एंट्री घेऊ नका."

आणि ती त्या घोळक्याकडे गेली. तीन पावलं टाच आपटत. चौथ्याला थांबली. मान फिरवून एकेकीकडे पाहिलं. मग उरलेली तीन, आणि हसली. पोटातून. दोन पोरी खरोखर मागे सरकल्या. एकीला हसू फुटलं, तिने विचारलं, "हे कुठी शिकली तू? परत करून दाखव." एक जण मात्र तोंड फिरवून पुन्हा तेच नाव म्हणाली. मुलीला ते ऐकू गेलं, मला दिसलं. ती तरीही थांबली नाही, चालू लागली.

मी दुसऱ्या फेरीत मागे पडलो. दम लागला म्हणून थांबलो आणि खाली पाहिलं तर पायाखालचं गवत पिवळं होतं, चौकोनी, दबलेलं. पिंजऱ्याची जागा. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला मुलगी वळली, तिने मला शोधलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाबा, तिथी काऊन उभे राह्यले? निघा ना तिथून."